दहावीनंतरचा फाटा : अकरावी, तंत्रनिकेतन की आयटीआय?

निकालानंतरच्या पंधरवड्यात या सदराकडे येणारी पत्रं एकाच फाट्यावरची असतात. त्यातली काही इथे घेतली आहेत. गावं ठेवली आहेत, नावं काढली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

मुलाला ८४ टक्के पडलेत. गणित, विज्ञान दोन्ही चांगलं. रिकाम्या वेळात घरातला मिक्सर नाहीतर शेतातला पंप उघडून बसलेला असतो. आम्ही म्हणतो सायन्स घे, क्लास लावू, इंजिनिअर हो. तो म्हणतो डिप्लोमा. एकदा तिकडे गेला की डिग्रीची वाट बंद होते का? पाहुणे तर म्हणतात, डिप्लोमा कमी मार्कवाल्यांचा. – एक पालक, इस्लामपूर

आधी वर्षं मोजू. अकरावी-बारावी दोन आणि पदवी चार, मिळून सहा. तंत्रनिकेतनची पदविका तीन, त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश म्हणून आणखी तीन, म्हणजे तिथेही सहाच. फरक इतकाच, की पदविकेच्या वाटेवर तिसऱ्या वर्षाअखेर हातात एक पूर्ण कागद असतो. घरची अडचण आली किंवा पोराचं मन बदललं तर तो कनिष्ठ अभियंत्याच्या, सुपरवायझरच्या जागांसाठी अर्ज करू शकतो. बारावी सायन्सच्या एकट्या कागदावर तसं काही होत नाही.

थेट दुसऱ्या वर्षाला पात्र व्हायला पदविकेत खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, राखीवसाठी ४० टक्के लागतात. ही झाली पात्रता. पुण्याचं सीओईपी, मुंबईची व्हीजेटीआय अशा नावाजलेल्या अभियांत्रिकी संस्थांत जागा हवी असेल तर नव्वदीच्या पुढची भाषा बोलावी लागते. सीईटी म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा नसते, पदविकेचे गुण हीच गुणवत्ता. म्हणून तिथे शेवटच्या वर्षीही ढिलं सोडून चालत नाही.

पाहुण्यांचं म्हणणं एका बाबतीत जुनं झालंय. चांगल्या सरकारी तंत्रनिकेतनात संगणक किंवा यंत्र शाखेला ८४ टक्के कमीही पडू शकतात. मागच्या वर्षीचे कटऑफ तंत्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर फेरीनिहाय असतात. मुलाच्या प्रवर्गाचा आणि तुमच्या जिल्ह्याचा आकडा तिथे बघा. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतल्या आकड्यावर जाऊ नका.

आता अडतं कुठे ते. पहिलं, भाषा. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला पहिल्या सत्रात गणित कठीण जात नाही, इंग्रजीतला प्रश्न कळत नाही. सुट्टीत नववी-दहावीच्या विज्ञानाचं इंग्रजी माध्यमाचं पाठ्यपुस्तक घेऊन रोज दोन पानं वाचली तरी निम्मा धक्का कमी होतो, कारण घाबरवणारे शब्द तेच असतात. दुसरं, पदविकेचं गणित पदवीच्या तयारीसाठी थोडं उथळ असतं. थेट दुसऱ्या वर्षात गेलेली मुलं पदवीचं पहिलं वर्ष न करता तिसऱ्या सत्राच्या गणिताला सामोरी जातात. तिथे इंटिग्रेशन येतंच असं धरून पुढचं शिकवतात आणि अनेकांचा पहिला बॅकलॉग, म्हणजे मागे राहिलेला विषय, तिथेच बसतो. पदविकेच्या शेवटच्या परीक्षेनंतर पदवीचं कॉलेज सुरू होईपर्यंत जो काळ मिळतो, तो याच गणितासाठी राखून ठेवायचा.

तिसरं म्हणजे बंद होणारी दारं. वैद्यकीय, फार्मसी, नर्सिंग, एनडीए, बीएस्सीच्या बहुतेक शाखा, या सगळ्यांना बारावी लागते. मुलाला यातलं काही मनात असेल तर पदविका नको. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

आणखी एक वाट फार कमी पालकांना माहीत असते. अकरावी सायन्सला द्विलक्षी विषय घेता येतो. द्वितीय भाषा आणि आणखी एक ऐच्छिक विषय यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स असा २०० गुणांचा एकच विषय. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित तसंच राहतं, म्हणजे सीईटी शाबूत, आणि हातकामाची आवड असलेल्याला प्रयोगशाळाही मिळते. मात्र द्विलक्षीची सोय मोजक्याच कनिष्ठ महाविद्यालयांत असते. प्रवेश अर्ज भरण्याआधी तुमच्या भागात कुठे आहे ते विचारून घ्या.

आमचं मत विचाराल तर पंप उघडणाऱ्या मुलाला दोन वर्षं नुसती क्लासच्या बाकावर बसवण्यात अर्थ दिसत नाही. एक परीक्षा मात्र घ्या. पंप उघडल्यावर तो परत जोडून चालू करतो का? उघडून टाकून देणारा आणि जोडून दाखवणारा, ही दोन वेगळी मुलं असतात.

आधी बारावी सायन्स करू, नाही जमलं तर डिप्लोमा आहेच, असं मुलगी म्हणते. हे बरोबर आहे का? – एक आई, बार्शी

अर्धं बरोबर. बारावी सायन्स उत्तीर्ण झाली तर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, म्हणजे दहावीपासून चार वर्षांत पदविका, एकच वर्ष जास्त. पण बारावीत नापास झाली तर दहावीच्या गुणांवर पहिल्या वर्षापासून सुरुवात, आणि दोन वर्षं गेली ती गेलीच. ‘नाही जमलं तर’ म्हणजे नेमकं काय, सीईटीत कमी गुण की बारावीच नापास, ते आधी ठरवा. अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत भौतिकशास्त्र आणि गणित या दोन्हींत पस्तीसच्या आसपास घोटाळत असेल तर निर्णय तेव्हाच घ्यावा. अकरावीत बहुतेक सगळे पास होतात, त्यामुळे घरच्यांना खरी स्थिती बारावीच्या निकालालाच कळते.

आयटीआयला जायचं नक्की आहे. इलेक्ट्रिशियन घेऊ की फिटर? आणि आमच्या तालुक्यात खासगी आयटीआय आहे, सरकारी तीस किलोमीटरवर. – एक विद्यार्थी, चाळीसगाव

दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे, दोन्हींना दहावी उत्तीर्ण लागतं. रोजचं काम मात्र पार वेगळं. ते समजून न घेता यादीत नाव बघून ट्रेड घेणारी मुलं दिवाळीपर्यंत गळतात.

फिटरचे पहिले काही आठवडे बहुतांशी कानशीचे. तळहाताएवढा लोखंडी तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि उभं राहून घासायचा. सुरुवातीला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालतो, पुढे पुढे ०.०४ मिलिमीटरच्या आत बसवावं लागतं. निदेशक गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरतो. फटीतून उजेड दिसला की परत व्हाइसकडे. नवख्याचा तुकडा हमखास मधे फुगतो आणि कडांना उतरतो, कारण कानस पुढे जाताना हात झोक्यासारखे वरखाली होतात. डाव्या हाताचा दाब पुढे जाताना कमी करायचा आणि उजव्याचा वाढवायचा, हे मनगटाला कळायला दीड-दोन महिने जातात. खांदे दुखतात, कंटाळा येतो. तेवढं निभावलं की ड्रिलिंग, टॅपिंग, लेथ, एकात एक बसणारे जॉब येतात आणि काम आवडायला लागतं. कारखान्यात यंत्रजोडणी आणि देखभाल हे फिटरचं क्षेत्र. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर असल्या औद्योगिक पट्ट्यात राहायची तयारी हवी.

इलेक्ट्रिशियनकडे अंगमेहनत कमी, डोकं जास्त. जिन्यातल्या दिव्याची दोन टू-वे स्विचची जोडणी हा पहिला चाळणीचा धडा. नवख्याचा दिवा दोन्ही स्विचवर नीट चालतो, पण फेजऐवजी न्यूट्रल तोडलेला असतो. वरवर काम झालेलं, प्रत्यक्षात स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये करंट. असलं चुकीचं ‘चालू’ काम ओळखणं हाच या ट्रेडचा गाभा. दुसऱ्या वर्षी मोटारी, स्टार-डेल्टा स्टार्टर, वाइंडिंग, मेगरने इन्सुलेशन तपासणी. गावातच राहून पोट भरायचं असेल, पंप, घरांचं वायरिंग, सौरपंप करायचे असतील, तर इलेक्ट्रिशियन बरा. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) आणि तारतंत्री (वायरमन) हेच ट्रेड चालतात, फिटर चालत नाही. रेल्वेत सहायक लोकोपायलटच्या भरतीला मात्र दोन्ही चालतात.

खासगी की सरकारी, याचं उत्तर अंतरावर ठरवू नका. तीन गोष्टी बघा. एक, त्या आयटीआयच्या त्याच ट्रेडला, त्याच तुकडीला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी) संलग्नता, जिला लोक अजून एनसीव्हीटीची म्हणतात, ती आहे का. संस्थेला असते आणि नव्याने सुरू केलेल्या तुकडीला नसते, असं होतं. दोन, कार्यशाळेत सकाळी अकरा वाजता जाऊन उभं राहा. लेथ किती आहेत हे मोजू नका, चालू किती आहेत आणि त्यांच्याखाली धातूचा ताजा कीस पडलाय का ते बघा. तीन, मागच्या वर्षीची किती मुलं शिकाऊ उमेदवारीला कुठल्या कंपनीत लागली, ती यादी मागा. जिथे मुलं जातात तिथे यादी असते.

आणि हजेरी. ८० टक्के नसेल तर अखिल भारतीय परीक्षेला बसू देत नाहीत. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात, दहावीसारखे ३५ नव्हे. लेखी परीक्षा संगणकावर होते. ‘हजर न राहता पास करून देतो’ म्हणणाऱ्या संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलाची कंपनीच्या दारात पहिल्या पाच मिनिटांत फजिती होते. व्हर्नियर हातात देतात आणि माप वाचायला सांगतात.

आयटीआय केल्यावर बारावी पात्रतेच्या नोकऱ्यांना, पोलीस भरतीला बसता येत नाही असं सांगतात. पदवीही करता येणार नाही का? – एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

नुसत्या आयटीआयवर पोलीस शिपाई भरतीला बसता येत नाही, हे खरं. तिथे बारावी लागते. पण दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना बारावीची समकक्षता मिळवता येते. आयटीआयचे गुण क्रेडिट म्हणून धरले जातात आणि मंडळाची बारावीची परीक्षा भाषा विषयांपुरती द्यावी लागते. अर्ज बारावीच्या नेहमीच्या अर्जांबरोबर, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरले जातात. आयटीआयच्या कार्यालयात आधीपासून विचारत राहा, कारण सूचना फलकावर चार दिवस लागते आणि जाते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतही आयटीआयच्या मुलांसाठी अशीच सोय आहे. एक वर्षाच्या ट्रेडला, म्हणजे वेल्डर, कोपा (संगणक ऑपरेटर) वगैरेंना, बारावीची समकक्षता मिळेल असं धरून चालू नका.

तांत्रिक वाट वेगळी. दोन वर्षांचा ट्रेड करून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात, तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. २ + २ + ३, सात वर्षांत अभियंता. वर्ष एकच जास्त, पण गणितात दोनदा उडी मारावी लागते. पदविकेचं पहिलं वर्ष चुकल्याने त्रिकोणमिती, लॉगरिथम, कॉम्प्लेक्स नंबर हे कुणी शिकवलेलंच नसतं आणि विद्युत शाखेत एसी सर्किटचा पहिलाच धडा कॉम्प्लेक्स नंबरवर उभा असतो. ज्यांना हे आधी सांगितलं जातं ती मुलं तरतात.

शिकवायची आवड असेल तर आयटीआयनंतर एक वर्षाचा शिल्प निदेशक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत तो चालतो. या वाटेची माहिती मुलींना कमी दिली जाते, का कोण जाणे.

मुलगा दहावीला गणितात आणि विज्ञानात गेला. वर्ष वाया घालवायचं नाही. – एक पालक, नांदुरा

पुरवणी परीक्षा जून-जुलैतच असते. तिचा अर्ज आधी भरा, बाकी काहीही ठरो. दोन विषयांपर्यंत राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन, अकरावीला प्रवेश मिळतो, पण गणित-विज्ञानात गेलेल्याने एटीकेटीवर सायन्स घेणं म्हणजे खड्डा उकरून त्यात उतरणं. कला किंवा वाणिज्य ठीक. तंत्रनिकेतनला दहावी पूर्ण उत्तीर्ण लागतं.

आयटीआयचे काही ट्रेड दहावी अनुत्तीर्णांनाही खुले आहेत. वेल्डर एक वर्षाचा, तारतंत्री दोन वर्षांचा, सुतारकाम, शीट मेटल, प्लंबर, शिवणकाम. यात वेल्डरला मागणी चांगली आणि शिकून लवकर बाहेर पडता येतं. डोळ्यांची तपासणी मात्र आधी करून घ्या. दहावीचे दोन विषय सोडून देऊ नका. शिकता शिकता काढले नाहीत तर पाच वर्षांनी पुढच्या प्रत्येक अर्जावर तोच रकाना आडवा येतो.

एका खासगी तंत्रनिकेतनचे लोक घरी येऊन गेले. म्हणाले, ऑनलाईन फॉर्मच्या भानगडीत पडू नका, सीट आजच पक्की करतो. – एक पालक, कल्याण

ती संस्थास्तरावरची, म्हणजे कॉलेजने स्वतः भरायची जागा. अशा जागेवर गेलात तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा लाभ मिळत नाही. तो केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून आलेल्यांना, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. तीन वर्षांच्या शुल्काचा हिशेब मांडला की ‘आजच पक्की’ सीट किती महाग पडते ते दिसेल. घरी येऊन सीट देणाऱ्या कॉलेजात बहुतेक वेळा कॅपच्या शेवटच्या फेरीलाही जागा शिल्लक असतात. त्यामुळेच तर ते घरी येतात.

फॉर्म भरताना चूक होते ती विकल्पांच्या क्रमात. पहिल्या क्रमांकावर टाकलेली जागा मिळाली की ती आपोआप गोठवली जाते, पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. अकरावी आणि आयटीआयच्या प्रवेशातही पहिला विकल्प मिळाला तर तो घ्यावाच लागतो, नाही घेतला तर नियमित फेऱ्यांतून बाहेर. तेव्हा ‘सहज मिळेल’ म्हणून खात्रीचं कॉलेज पहिलं टाकू नका. पहिलं तेच, जे खरोखर हवंय. खात्रीचं खाली.

नॉन-क्रिमीलेअर दाखल्यावरची मुदत आत्ताच वाचा. तो चालू प्रवेश वर्षाच्या अखेरच्या, म्हणजे येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. जुना दाखला घेऊन सुविधा केंद्रावर गेलेल्यांचा अर्ज खुल्या प्रवर्गात पडतो आणि हे गुणवत्ता यादी लागल्यावर कळतं.

आयटीआय झालं. एक कंपनी ‘ट्रेनी’ म्हणून घेते, पगार जास्त. दुसरी अप्रेंटिस म्हणून, विद्यावेतन कमी. – एक वाचक, भोसरी

अप्रेंटिस. अट एकच, करार राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला असावा आणि त्याचा क्रमांक तुमच्या हातात असावा. वर्षाअखेर परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेच्या लेव्हल-१, म्हणजे सगळ्यात खालच्या वेतनस्तराच्या भरतीत, रेल्वेच्याच आस्थापनेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव असतात. म्हणून रेल्वेच्या कार्यशाळांची जाहिरात आली तर खासगी कंपनी बाजूला ठेवा. तिथे लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांची सरासरी बघतात.

‘ट्रेनी’ हा शब्द मात्र शिकाऊ उमेदवारीच्या कायद्यात बसत नाही. अनेकदा तो ठेकेदाराचा हेल्पर असतो आणि वर्षभरानंतर हातात अनुभवाचं साधं पत्रही नसतं. उलटही घडतं : करार अप्रेंटिसचा, काम वर्षभर पॅकिंगचं. पहिल्या महिन्यात तुमच्या ट्रेडचं काम दिलं नाही तर कंपनीच्या प्रशिक्षण अधिकाऱ्याला लेखी द्या, आणि पोच घ्या.

दहावीनंतर लगेच नर्सिंग किंवा फार्मसीचा डिप्लोमा देणारी जाहिरात पाहिली. मुलीला घालावं का? – एक आई, मुरबाड

नको. डी. फार्म.ला बारावी सायन्स लागते, जीएनएम आणि एएनएम या नर्सिंगच्या दोन्ही अभ्यासक्रमांना बारावी. दहावीवर मिळणाऱ्या असल्या कागदावर परिचर्या परिषदेची किंवा फार्मसी परिषदेची नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय रुग्णालयात ती आया म्हणूनच राहील. मुलीला हे क्षेत्र हवं असेल तर अकरावी सायन्सला घाला, जीवशास्त्र ठेवा. पैसे भरून झाले असतील तर शाळा सोडल्याचा मूळ दाखला आधी परत मिळवा. तो त्यांच्याकडे अडकला तर अकरावीच्या फेऱ्या निघून जातील.